कसबा पेठेत पाहुण्यांना नेमकं काय दाखवायचं?

मधुरा_कोथरूड
नमस्कार मंडळी. नागपूरहून नणंद, तिचे यजमान आणि त्यांची दोन मुलं येताहेत. सोबत सासूबाईही असतील. शनिवारवाडा आणि दगडूशेठ मागच्या खेपेला झालंय. या वेळी नणंदेचा हट्ट आहे, "वहिनी, जुनं पुणं दाखव." सासूबाईंना कसब्याचा गणपती आणि तांबडी जोगेश्वरी झाली की भरून पावलं. मुलांना (मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत) भुयारी मेट्रोत बसायचंय. हातात एक सकाळ आहे. कुठून सुरुवात करावी, पायी काय काय होईल, काय गाळलं तरी चालेल? नेटवरच्या "टॉप टेन" याद्या वाचून डोकं उठलंय, त्या कृपया नकोत.

हिंजवडीकर
काही नाहीये हो तिथे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शनिवारवाडा म्हणजे तट आणि आत चौथरे. लाल महाल आत्ता आत्ता बांधलेला. भिडे वाडा तर पाडूनच टाकला. बाकी गर्दी, रिक्षा आणि नो पार्किंग. ज्या पेठेतल्या प्रसिद्ध वास्तू एकतर जळाल्या, नाहीतर पडल्या, नाहीतर नव्या आहेत, तिथे पाहुण्यांना नेऊन दाखवणार काय? सिंहगडावर न्या. पिठलं-भाकरी, दही, विषय संपला.

चकोर
+१ सिंहगड. पण सासूबाई?

पेठकरी
हिंजवडीकर, तुमची यादी बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. कसब्यात "वास्तू" बघायला गेलं की निराशाच होणार. कसबा बघायचा तो आळ्यांतून. गाव कुठे वसलं, का वसलं, कोण काय काम करत होतं, पाणी कुठून यायचं, हे अजून रस्त्यांवरून चालताना कळतं. ते कळलं की मग शनिवारवाड्याचे चौथरेसुद्धा बोलायला लागतात.

मधुराताई, मी जन्मापासून पेठेतला. मी काय करतो ते सांगतो. पाहुण्यांना मेट्रोनं कसबा पेठ स्टेशनवर उतरवतो. (जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. मुलांची हौस इथेच भागेल.) वर आलात की शनिवारवाड्याकडे वळू नका. सरळ कसबा गणपती. सकाळी लवकर गेलात तर गाभाऱ्यापाशी निवांत उभं राहता येतं. शेंदूर चढलेला तांदळा, म्हणजे नुसती शिळा आहे, दागिन्यांनी मढवलेली मूर्ती नाही, तेवढं मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "गणपती कुठाय?" असं मोठ्यांदा विचारतात.

हे पुण्याचं ग्रामदैवत. जिजाऊ बाळ शिवाजीराजांना घेऊन आल्या तेव्हा गाव उजाड होतं. आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला होता, ही हकीकत आपण सगळ्यांनी ऐकलीय. तिथे पुन्हा वस्ती करायची तर माणसांना आधी धीर यायला हवा. ठकारांच्या घराजवळ सापडलेल्या या गणपतीचं देऊळ जिजाऊंनी उभारलं, सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, अशी परंपरा सांगते. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याचा आणि दुसरा तांबड्या जोगेश्वरीचा, तो उगाच नाही.

देवळातून निघून पूर्वेकडे तांबट आळी. हा माझ्या मते सगळ्या फेरीचा जीव. त्यावर स्वतंत्र लिहितो, आत्ता ऑफिसची बस आली.

मधुरा_कोथरूड
वा! पेठकरी, लिहाच. वाट बघते.

वाडा_चिरेबंदी
हिंजवडीकर यांच्या "लाल महाल नवा" या वाक्यावर थोडं. आत्ताची इमारत महापालिकेनं बांधली, १९८८ मध्ये पूर्ण झाली, हे खरं. शहाजीराजांनी बांधवलेला मूळ महाल केव्हाच नामशेष झाला. पण म्हणून ती जागा दाखवायची नाही? आठवीतल्या मुलाला दाखवायची म्हणजे दाखवायचीच. ५ एप्रिल १६६३ ची रात्र. शास्ताखान पुण्यात तळ देऊन बसलेला, स्वतः लाल महालात. रमजानचा महिना, दिवसभराचे उपास सोडून फौज सुस्तावलेली. ज्या घरात लहानपण गेलं त्याचे कोपरेन् कोपरे माहीत असलेला माणूस मोजक्या लोकांनिशी आत शिरतो. खानाची बोटं गेली, मुलगा मारला गेला, आणि खान पुणं सोडून गेला. मुलाला महालात नेऊन हे सांगू नका. बाहेर रस्त्यावर उभं करून आधी आजूबाजूच्या बोळांची दाटी दाखवा आणि विचारा, "तू कुठून आला असतास?" माझ्या भाच्यानं तीन वेगवेगळे रस्ते काढून दाखवले आणि मग घरी येऊन स्वतःहून पुस्तक उघडलं.

आत जिजाऊ आणि बाल शिवाजीचा नांगर धरलेला पुतळा आहे, तो मात्र बघा.

हिंजवडीकर
म्हणजे इमारत बघायची नाही, बोळ बघायचा. मान्य. पुढे?

पेठकरी
पुढे तांबट आळी.

आळीत शिरायच्या आधी ठोके ऐकू येतात. सुट्टीच्या दिवशी ते ऐकू येतीलच असं नाही, म्हणून ताई, जमलं तर कामाच्या दिवशी या. पेशवाईत भांड्यांची मागणी वाढली तशी त्वष्टा कासार समाजाची घरं इथे वसली. हंडे, घंगाळी, पातेली, तपेल्या आणि मुख्य म्हणजे बंब. पुण्यातल्या प्रत्येक वाड्याच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. गिझर आला, स्टील आलं, बंब माळ्यावर गेला. आता पुन्हा मागणी आहे, पण ती शोभेच्या घंगाळ्यांना आणि पाण्याच्या तांब्यांना.

काम कसं चालतं ते मुलांना जवळून बघू द्या. तांब्याचा पत्रा ठोकला की तो कडक होत जातो. मग भट्टीत लाल करून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. आकार आला, जोड भरले, धुऊन लख्ख झालं, की शेवटी मठारकाम. जमिनीत रोवलेल्या लोखंडी ऐरणीवर भांडं आतून टेकवतात आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं बाहेरून ठोका. एक ठोका, भांडं जरासं फिरवलं, त्याला चिकटून दुसरा. प्रत्येक ठोक्याचा छोटा चकचकीत चट्टा उठतो, आणि गळ्यापासून बुडापर्यंत ओळीनं ते चट्टे बसत जातात. लोकांना वाटतं ही नक्षी. नक्षी आहेच, पण त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला पोचे लवकर येत नाहीत. कारागीर बोलता बोलता काम करतो, डावा हात भांडं किती फिरवायचं ते आपोआप ठरवतो. ओळ एकदा वाकडी गेली की झाकता येत नाही.

फोटो काढायच्या आधी विचारा. कॅमेरा घेऊन घोळक्यानं येणाऱ्यांचा तिथल्या लोकांना वैताग आलेला असतो, आणि तो रास्त आहे. लहानसं काहीतरी विकत घ्या.

तांबट आळी एकटी नाही. शिंपी आळी, भोई आळी, व्यवहार आळी, नदीच्या अंगाला कुंभारवाडा, आणि कागदीपुरा, जिथे हातकागद बनायचा. पेशव्यांच्या दफ्तराला कागद किती लागत असेल विचार करा. कागदाला आणि मडक्याला पाणी हवं, म्हणून ही मंडळी नदीकडे. तांबटांना गिऱ्हाईक हवं, म्हणून ते गावात. कसब्याचा नकाशा असा वाचायचा.

अनघा_द
पेठकरी, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मी भर घालते, नागझरीच्या पलीकडे. कसब्याच्या पूर्वेला नागझरी ओढा आहे (आता नाला म्हणायचा, नाकाला रुमाल लावून). तो ओलांडला की सोमवार पेठ, आणि तिथे कमला नेहरू रुग्णालयाजवळ त्रिशुंड गणपती. पुण्यातलं माझं सगळ्यात आवडतं देऊळ. अर्ध्या पुण्यानं ते पाहिलेलं नाही.

भीमगीरजी गोसावींनी १७५४ मध्ये बांधायला घेतलं, १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. पेशवाईतली बहुतेक देवळं विटा-चुन्याची आणि रंगवलेली. हे संपूर्ण काळ्या दगडात, कळस नाही, दर्शनी भिंतीवर शिल्पांची नुसती दाटी. द्वारपाल, हत्ती, आणि दाराच्या बाजूला खाली नीट बघा: एक गेंडा साखळदंडानं बांधलेला आणि त्याला बांधणारे टोपीवाले गोरे शिपाई. १७५७ मध्ये प्लासी झाली, बंगाल इंग्रजांच्या हातात गेला. गेंडा म्हणजे तो पूर्वेकडचा मुलूख, असा अर्थ लावतात. पुण्यात पेशव्यांची सत्ता जोरात असताना इथल्या एका पाथरवटानं देवळाच्या भिंतीवर ते कोरून ठेवलंय. आठवीतल्या मुलाला दाखवायला याहून चांगलं काय हवं?

आत मूर्ती तीन सोंडांची, सहा हातांची, मोरावर बसलेली. भिंतीत संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. खाली तळघर आहे, त्यात गोसाव्यांची समाधी. एरवी तिथे पाणी असतं, गुरुपौर्णिमेला ते काढून दर्शनाला उघडतात.

चकोर
गेंडा?! पुण्यात जन्म गेला आणि मला हे माहीत नव्हतं.

कात्रजचा_उच्छ्वास
पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून हा प्रतिसाद. आयडीवरून कळलंच असेल की हा माझा आवडता विषय.

नदी जवळ असली तरी तिचं पाणी खाली आणि पेशवाईत वाढलेलं शहर वर. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी नळानं पाणी शहरात आणलं. पंप नाही, काही नाही. फक्त उतार. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायला आणि आत उतरून गाळ काढायला उभी केलेली दगडी बांधकामं. शहरात हौद. आज आपण फडके हौद म्हणतो, काळा हौद म्हणतो, बसच्या पाटीवर वाचतो आणि उतरतो. त्या चौकांत शहर पाणी भरायचं. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं चालायचं तेही याच पाण्याच्या दाबावर. सोळा पाकळ्यांचं कमळ आहे, चौथऱ्यांमध्ये उघडंच पडलेलं. चौथरे बघून कंटाळा येत असेल तर हे कारंजं बघा आणि इतक्या लांबून नुसत्या उतारावर आलेलं पाणी इथे उडायचं, एवढंच डोक्यात ठेवा.

हिंजवडीकर
शनिवारवाड्यात भुताचं सोडून कुणी काही सांगतच नाही हो.

वाडा_चिरेबंदी
तीच तर रड आहे. "काका मला वाचवा" आणि अमावास्या. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव मारला गेला, गारद्यांनी मारला, तोपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही की न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द रघुनाथरावाला तोंडावर दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. भुतापेक्षा ही गोष्ट मुलांना जास्त पटते, माझा अनुभव.

आकड्यांत: १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, खर्च १६,११० रुपये. १७ नोव्हेंबर १८१७ ला त्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा राहिले कारण ते दगड-विटांचे. आतलं सगळं सागवान होतं. तेव्हा, हिंजवडीकर, चौथरे का उरले याचं उत्तर इतकं साधं आहे.

प्रशासक
कसब्यातल्या पुण्येश्वर देऊळ आणि दर्ग्याच्या वादावरचे प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी राजकारण विभाग आहे. इथे धाग्याचं रणांगण करू नका.

जुना_भाडेकरू
मी पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमचं बिऱ्हाड नदीच्या अंगाला होतं. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं. सकाळी लोक ओरडत आले, "पाणी येतंय." आईनं आधी देव पिशवीत टाकले, मग आम्हा भावंडांना पुढे घातलं आणि चढाकडे निघालो. कसबा हा जुन्या वस्तीवर वस्ती होऊन उंच झालेला भाग. पिढ्यान् पिढ्या "वरचं घर, खालचं घर" असं म्हणायचे त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. वरच्यांची घरं राहिली. आमच्यासारख्या खालच्यांची मातीच्या भिंतींची घरं विरघळली. शब्दशः विरघळली. तुळया तेवढ्या वाहत जाताना दिसत होत्या. शिवाजी पूल (आम्ही नवा पूलच म्हणतो, १९२३ चा) पाण्याखाली गेला होता, पण पाणी उतरल्यावर बघतो तर जागच्या जागी.

नंतर पूरग्रस्तांना गोखलेनगरकडे वसाहती दिल्या. आमच्या आळीतली निम्मी घरं तिकडे गेली ती परत आली नाहीत. आज पेठेत मोकळ्या दिसणाऱ्या जागा किंवा साठच्या दशकातल्या बेढब सिमेंटच्या चाळी दिसल्या की समजावं, इथून पाणी गेलंय.

ताई, पाहुण्यांना कुंभारवाड्याकडच्या उतारावर जरूर उभं करा. नुसतं खाली बघा आणि मग वर बघा.

अनघा_द
काका, लिहीत राहा. हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं.

वैतागलेला_मालक
सगळ्यांचं छान चाललंय. "वाडा संस्कृती", "जुनं पुणं". आमचा वाडा शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. २०१० च्या कायद्यानं संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकामच नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. भाडेकरू आजोबांच्या काळातले, भाडं तेव्हाच्याच आसपास. तेवढ्यात एका खोलीची कौलंसुद्धा शाकारून होत नाहीत. दर पावसाळ्याआधी "धोकादायक" म्हणून नोटीस हातात. पाडावा तर उभारता येत नाही, ठेवावा तर डोक्यावर पडतो. हेरिटेज वॉकवाले येतात, आमच्या कोरीव खांबाचे फोटो काढतात, "जपा हं" म्हणतात आणि जातात. जपतो की. पैसे?

पेठकरी
मालक, यात तुमचं काहीच चुकत नाही. आमच्या शेजारचा वाडा असाच एका पावसात बसला. नशीब, रात्रीची वेळ असूनही माणसं बाहेर पडली होती. दुरुस्तीला परवानगी मिळते, पण त्या कागदांमागे फिरायला ज्याला वेळ आहे त्याच्याकडे पैसा नाही आणि पैसा आहे तो कधीच बाणेरला गेला. स्मारकाचा नियम हवाच, नाहीतर शनिवारवाड्याला टॉवरचं कुंपण बसेल. पण त्या नियमाचा भार एकट्या वाडामालकानं आणि भाडेकरूनं का उचलायचा, याला उत्तर नाही. ज्या शहराला पर्यटक हवेत त्यानं शाकारणीचा खर्च उचलावा, माझं सरळ मत.

चकोर
अवांतर: मंडई या फेरीत बसते का? नणंदेला भाजी घ्यायला आवडत असेल तर...

वाडा_चिरेबंदी
बसवा. शिवाजी रस्त्यानं लाल महालावरून दगडूशेठ आणि पुढे मंडई, सगळं एका रेषेत. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. तिथला बटाट्या मारुती त्या बाजाराचीच खूण. १८८६ मध्ये आताची इमारत झाली, मधे अष्टकोनी मनोरा आणि चहूबाजूंना पाखं. नाव दिलं गव्हर्नर रे साहेबांचं. गंमत अशी की नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. ज्यानं विरोध केला त्याच्याच नावानं गेली नव्वदेक वर्षं कोथिंबीर विकली जातेय.

वाटेत दगडूशेठसमोर भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवला. नणंदेच्या मुलीला तिथे दोन मिनिटं थांबवा. बाकी दगडूशेठला रांग असेल तर लांबूनच नमस्कार करा.

मधुरा_कोथरूड
बापरे, एका सकाळीत एवढं? मी असं ठरवतेय: शुक्रवारी, म्हणजे कामाच्या दिवशी. मेट्रो, कसबा गणपती, तांबट आळी, मग कुंभारवाड्याचा उतार, मग त्रिशुंड. तिथून रिक्षानं जोगेश्वरी आणि मंडई. शनिवारवाडा गाळला, फक्त कारंजं बघायला मुलांचे बाबा संध्याकाळी नेतील. सासूबाईंचे गुडघे बघता चालेल ना?

पेठकरी
सासूबाईंना उताराला नेऊ नका, परतीचा चढ आहे. कसबा गणपती झाला की त्यांना आणि एखाद्याला रिक्षानं थेट त्रिशुंडापाशी पाठवा, तुम्ही बाकीचे चालत या. देऊळ उंच जोत्यावर आहे, पायऱ्या चढताना हात द्या.

हिंजवडीकर
शुक्रवारी मी पण सुट्टी टाकतोय. गेंडा बघायला. आणि हो, घरी आईचं एक पितळी पातेलं पडून आहे, तांबट आळीत कल्हई करून मिळेल का?

कल्हईवाली_सून
आळीत विचारा, कल्हई कोण करतं ते तिथेच कळेल. पूर्वी दारावर यायचे, आता आपण जायचं. नुसतं ठेवून परत येऊ नका, उभे राहून बघा. भांडं तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर, कथील लावून कापसानं फिरवलं की क्षणात आतून चांदी. पातेलं द्यायच्या आधी आतला जुना थर तारेच्या घासणीनं खरवडू नका, ते काम त्यांचं त्यांना करू द्या. आणि तोवर त्यात चिंच, ताक, टोमॅटो काही आंबट करू नका. कळकतं.